चाळीस मिनिटं पुढे

हे खरं घडलंय.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः अशा गोष्टी वाचून हसायचो. कॅमेऱ्यांची कामं करणारा माणूस मी. 'कॅमेऱ्यात काहीतरी पांढरं फिरतंय' म्हणून लोक घाबरून फोन करतात, आणि मी जाऊन लेन्सवरचं कोळ्याचं जाळं पुसून येतो. वीस वर्षांत मला कधी भूत दिसलं नव्हतं. कोळी मात्र चिक्कार दिसले.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

मंगळवार होता. भर दुपार. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि आत स्वयंपाकघरात कोणीतरी भांडी घासत होतं.

जागा म्हणजे एक वृद्धाश्रम. दोन मजली इमारत, हिरव्या खिडक्या. समोर मोठं फाटक, मागे स्वयंपाकघराच्या बाजूला छोटं लोखंडी गेट. त्या गेटाकडे जाणारा एक लांब पॅसेज आहे. त्या पॅसेजमध्ये तीन नंबरचा कॅमेरा.

तो मीच बसवलाय.

पण आधी मामाबद्दल सांगायला हवं. नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचा भाऊ. त्या आश्रमाच्या फाटकावर एकोणीस वर्षं नोकरीला होता. तिथलं कॅमेऱ्यांचं काम मला मिळालं ते त्याच्यामुळे. "माझा भाचा आहे, मशीनमधलं सगळं कळतं त्याला," असं त्याने आश्रम चालवणाऱ्या मॅडमना छातीठोकपणे सांगितलं होतं. तेव्हा मला निम्मंसुद्धा कळत नव्हतं.

सगळे त्याला घड्याळमामा म्हणायचे. त्याच्या मनगटावर चावीचं जुनं घड्याळ असायचं. रोज सकाळी चावी द्यायचा. आणि दुपारी तीनच्या ठोक्याला किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागच्या गेटला कुलूप लावायला जायचा. तिथे मागे मोठा उघडा नाला आहे. म्हातारी माणसं दुपारची झोपून उठली की भरकटतात, म्हणून हा नियम होता.

त्याचा डावा पाय जरा घासत चालायचा. त्यामुळे तो येतोय हे न बघताच कळायचं. किल्ल्यांचा खळखळाट… आणि मागोमाग चप्पल घासल्याचा आवाज.

मी कामाला गेलो की फाटकावरच थट्टा सुरू व्हायची.

"आले का डॉक्टर? बघा, बघा नाडी मशीनची."

मग ऑफिसात येऊन स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ आणि स्वतःचं मनगट ताडून बघायचा.

"भाच्या, तुझं मशीन काय म्हणतंय?"

एका मिनिटाचा जरी फरक पडला तरी म्हणायचा, "तुझंच चुकलं." आणि आम्ही दोघं हसायचो.

आता माझी चूक सांगतो.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ज्या डब्यात होतं, तो डीव्हीआर तेव्हाच जुना झाला होता. आतला सेल संपला होता. शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो, त्याच्यावर मशीनचं घड्याळ चालतं. सेल संपला की लाइट गेल्यावर मशीन वेळ विसरतं. मग हाताने पुन्हा लावायची.

एके दिवशी तशीच लाइट जाऊन आली, आणि मी वेळ लावायला गेलो. डीव्हीआर ऑफिसातल्या कपाटावर, मी स्टुलावर उभा. मोबाइल खाली चार्जिंगला लावलेला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्यात बारा वीस झाले होते. मी बारा वीस लावले.

स्टुलावरून उतरताना माझं लक्ष गेलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा हलत नव्हता.

ते घड्याळ बंद होतं.

खाली येऊन मोबाइल बघितला. अकरा चाळीस. म्हणजे मशीन चाळीस मिनिटं पुढे गेलं होतं.

पुन्हा स्टुलावर चढायचं, वेळ नीट लावायची, सेल बदलायचा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. सेल माझ्या बॅगेत होता. पण दुसरीकडून फोनवर फोन येत होते. म्हटलं, कोण बघतंय कोपऱ्यातले आकडे… पुढच्या खेपेला करू.

वेळ मारून नेली.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. पण हे तीन शब्द आता मला उच्चारवत नाहीत.

तीन आठवड्यांनी आश्रमातली एक आजी दुपारी मागच्या गेटातून बाहेर गेली आणि नाल्यात पडली. संध्याकाळी सापडली. चार दिवसांनी दवाखान्यात वारली.

प्रश्न एकच होता. मागच्या गेटला तीन वाजता कुलूप लागलं होतं का?

मामा म्हणाला, "लावलं होतं. तीनच्या ठोक्याला."

स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "सव्वातीनला मी आजींना पॅसेजमध्ये गेटाकडे जाताना बघितलं. मला वाटलं, पाय मोकळे करतायत."

मॅडमनी मला बोलावलं. त्या दिवसाचं फुटेज काढायला.

मी ऑफिसात पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. स्क्रीनकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. मशीन अजून चाळीस मिनिटं पुढेच होतं. मी विसरूनच गेलो होतो.

तेव्हा मी काय केलं, ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मी आधी मशीनची वेळ बरोबर केली. गुपचूप सेल बदलला. मग मॅडमना हाक मारली.

आता चालू वेळ बरोबर दिसत होती. पण आधीच्या रेकॉर्डिंगवर उमटलेले आकडे बदलत नाहीत. आजी गेटाबाहेर गेली त्या दिवसाची क्लिप लावली. पॅसेज रिकामा… मग मामा आला. हातात जुडगा. पाय घासत गेटाकडे गेला.

कोपऱ्यात आकडे होते. तीन चाळीस. मॅडमनी तिथेच क्लिप थांबवायला लावली; त्याच्या मागचं-पुढचं कोणी बघितलंच नाही.

ऑफिसात मॅडम होत्या, आजीचा मुलगा होता, स्वयंपाकीणबाई दारात उभ्या होत्या. आणि मामा.

मॅडमनी मला विचारलं, "हा टाइम बरोबर आहे ना?"

तोंड उघडलं असतं तर माझं काम गेलं असतं. नाव गेलं असतं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं.

"हो मॅडम," मी म्हणालो. "मशीनचा टाइम आहे."

मामाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. शाळेतल्या पोराने मास्तरांकडे बघावं, तसं बघितलं. मग स्क्रीनकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं.

"माझंच मागे पडलं असेल मग," तो हळूच म्हणाला. "जुनं झालंय."

आणि सगळ्यांसमोर त्याने घड्याळाची चावी ओढून काटे पुढे फिरवले. चाळीस मिनिटं.

त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. आठ महिन्यांनी मामा गेला. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या.

मामा बनवणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी माझ्या सख्ख्या मामाला मामा बनवलं. आणि त्याने ते मुकाट्याने मान्य केलं, कारण सांगणारा मी होतो.

या गोष्टीला सहा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मॅडमचा फोन आला. "अहो, तुमचं मशीन रोज ओरडतंय. मिनिटभर बीप, बीप. मग आपलं आपण थांबतं. आता नवीनच बसवून टाका."

"कधी वाजतं?"

"दुपारी. तीनच्या सुमाराला."

मी म्हटलं हार्डडिस्क गेली असेल. जुन्या डिस्क जाताना अशाच कुरकुरतात. नवीन डीव्हीआर, नवीन डिस्क घेतली आणि दोन वाजता पोचलो.

स्टुलावर चढून जुना डबा खाली काढला. झाकण उघडलं. आत बोटभर धूळ. डिस्क चांगली होती. पंखा चांगला. बीप व्हायला काही कारणच नव्हतं.

मग स्क्रीनकडे लक्ष गेलं.

मोबाइलमध्ये दोन दहा.

मशीनमध्ये… दोन पन्नास.

मी स्वतःशी म्हटलं, सेल गेला असणार. सहा वर्षं झाली. वेळ नीट लावली. नवीन सेल घातला. केबलींवर खुणा करायला वळलो. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं.

चाळीस मिनिटं पुढे.

पुन्हा लावली. तिथेच उभा राहून बघत बसलो. आकडे बरोबर होते. एकदाच डोळे मिटून उघडले…

चाळीस मिनिटं पुढे.

सेल संपला की मशीन वेळ विसरतं. पण विसरलेलं मशीन दर वेळी नेमकं तेवढ्याच मिनिटांनी पुढे जात नाही. म्हटलं, नको हा डबाच. बटण बंद केलं, वायर उपटली आणि तो टेबलावर बाजूला ठेवला. नव्या डीव्हीआरला चारही कॅमेरे जोडले. डिस्क कोरी करून घेतली. वेळ मोबाइल समोर धरून लावली. तीनदा ताडून बघितली.

स्क्रीनवर चौकोन उजळले. फाटक, जेवणघर, जिना.

तीन नंबरचा चौकोन काळाच राहिला.

जॅक काढून पुन्हा बसवला. काळाच.

तीन चौकोनांत वेळ बरोबर होती. दोन एकोणसाठ. सेकंद पळत होते. पन्नास… पंचावन्न… अठ्ठावन्न…

तीन वाजले.

आणि तीन नंबरला चित्र आलं.

रिकामा पॅसेज. पण त्या एकाच चौकोनात वेळ वेगळी होती.

तीन चाळीस.

एकाच मशीनमध्ये दोन वेळा दिसतच नाहीत. तशी सोयच नसते. मी वायरकडे हात नेला आणि तेवढ्यात आवाज आला. स्क्रीनमधून नाही… त्या कॅमेऱ्यांना आवाज नाहीच. दाराबाहेरून.

किल्ल्यांचा खळखळाट.

आणि घासत येणारी चप्पल.

ऑफिसचं दार लोटलेलं होतं. ते उघडायची माझी हिंमत झाली नाही. मी स्क्रीनकडेच बघत राहिलो.

पॅसेजमध्ये मामा आला.

तोच निळा शर्ट. हातात जुडगा. पण तो असा कधी चालायचा नाही. तो धावत होता. दुखरा पाय ओढत, धापा टाकत. ज्याला माहीत आहे की आपल्याला उशीर झालाय, असा.

बरोबर कॅमेऱ्याखाली आला आणि थांबला. मनगटाकडे बघितलं. मग मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं. माझ्याकडे.

त्याचे ओठ हलले.

आवाज नव्हता. पण ते शब्द मी शेकडो वेळा ऐकले होते.

भाच्या, तुझं मशीन काय म्हणतंय?

मला ओरडायचं होतं. मामा, तीनच वाजलेत, असं सांगायचं होतं. घशातून आवाज फुटला नाही. त्याने जरा वेळ वाट बघितली. मग मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी, आणि गेटाकडे धावत गेला.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे…

बीप.

जुना डबा. टेबलावर, झाकण उघडं, वायर काढलेली.

बीप… बीप… मिनिटभर. मग थांबला.

मी दार उघडलं. पॅसेज रिकामा होता. पलीकडून स्वयंपाकीणबाई हातात कचऱ्याची बादली घेऊन आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मागच्या गेटाला आत्ता कुलूप कोणी लावलं?" त्या म्हणाल्या. "मी आत्ताच उघडून बादली आणायला आत गेले होते. किल्ली माझ्याच कमरेला आहे."

मी गेटापर्यंत गेलो. कुलूप लागलेलं होतं. अजून हलत होतं.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून मामीकडे गेलो.

मामी घरी बसून शर्टांना बटणं लावायचं काम करते. समोर शर्टांचा ढीग, चष्मा नाकावर. मला बघून म्हणाली, "अरे, सकाळीच? चेहरा असा का झालाय? बस, चहा टाकते."

"चहा नको. मामी… मामा त्या दिवशी तीनलाच गेला होता. वेळेवर."

सुई थांबली.

मी सगळं सांगितलं. बंद घड्याळ, बॅगेतला सेल, गुपचूप बदललेली वेळ, मॅडमना दिलेलं उत्तर. सांगताना रडायला येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. मामी शिव्या देईल, हाकलून देईल, असं वाटलं होतं. तिने हातातलं बटण पूर्ण लावलं. दोरा तोडला.

"जेवताना मधेच थांबायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, ती चाळीस मिनिटं मी कुठे होतो गं? मला आठवत का नाही? मी म्हणायचे, वय झालं, होतं असं. मी त्यांची बायको. आणि मीसुद्धा तुझ्या मशीनवर विश्वास ठेवला."

मी खाली बघत बसलो.

"घड्याळ पुढे आहे, असं सगळे सांगायचे त्यांना. ऐकायचे नाहीत. असू दे म्हणायचे, पुन्हा उशीर नको व्हायला."

तिने शिलाई मशीनचा खण उघडला. आत मामाचं घड्याळ होतं. मामा गेल्यापासून त्याला कोणी चावी दिली नव्हती.

ते चालू होतं.

टिक… टिक… मी मोबाइल काढून बघितला. चाळीस मिनिटं पुढे.

मामी अजिबात दचकली नाही. तिच्यासाठी ते नवीन नसावं.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्यांना सांग."

तिथून मी तडक आश्रमात गेलो. मॅडमना सगळं सांगितलं. स्वयंपाकीणबाई दारात ऐकत होत्या. माझं संपलं, आणि त्या मटकन खाली बसल्या.

"त्या दिवशी कुलूप लागलेलं होतं," त्या हुंदके देत म्हणाल्या. "मामांनी लावलेलं. कचरा टाकायला मीच उघडलं माझ्या किल्लीने. आणि उघडंच राहिलं. पण मशीनने मामांना पकडलं… मग मी गप्प बसले."

मॅडमनी मामीच्या नावाने पत्र लिहिलं आणि त्याची प्रत आजीच्या मुलालाही धाडली. मामाची चूक नव्हती, असं त्यात स्पष्ट लिहिलं. मला काय बोलायचं ते बोलल्या. ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. माझं काम त्यांनी काढून घेतलं. ज्या कामासाठी मी खोटं बोललो होतो, तेच.

मी एकच विनंती केली. आज तीन वाजता मला पॅसेजमध्ये उभं राहू द्या.

तीनला मी कॅमेऱ्याखाली उभा होतो. मॅडम आणि स्वयंपाकीणबाई ऑफिसच्या दारात. पॅसेज स्वच्छ, रिकामा, खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर.

आवाज आला.

किल्ल्या… चप्पल… धाप लागल्याचा श्वास.

दिसत काहीच नव्हतं. आवाज माझ्या अगदी जवळ येऊन थांबला.

"मामा," मी म्हणालो. या वेळी आवाज फुटला. "तीन वाजलेत. तीनच. तुला उशीर झालेला नाही. तेव्हाही झाला नव्हता. मी खोटं बोललो."

काहीच हललं नाही. बराच वेळ.

मग माझ्या कानाशी, ओळखीच्या त्या मऊ आवाजात…

"ते राहू दे. तुझं मशीन काय म्हणतंय?"

मी ऑफिसात धावलो. नवा डीव्हीआर. नवी डिस्क. तीन चौकोनांत तीन वाजून एक मिनिट.

तीन नंबरच्या चौकोनात… तीन एक्केचाळीस.

आणि बाहेर किल्ल्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. धावत, घासत, गेटाच्या दिशेने.

आता मी रोज सकाळी मामीकडे जातो. खणातलं घड्याळ काढून काटे मागे घेतो. त्याच्यासमोर मोठ्याने खरी वेळ सांगतो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चाळीस मिनिटं पुढे असतं. मामी बटणं लावत असते, वर बघत नाही.

मॅडमनी आता दुसऱ्या माणसाकडून तो डीव्हीआरही बदलून घेतलाय. परवा त्याचा मला फोन आला होता. विचारत होता, तीन नंबरच्या कॅमेऱ्याचा काय घोळ आहे हो? टाइम का पुढे पळतो?

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो.

कितीही मशीनं बदलली तरी मामा माझ्या तोंडच्या वेळेवर विश्वास ठेवणार नाही. तो स्क्रीनच बघणार. त्या दिवशी मी त्याच्यासमोर तेच तर सांगितलं होतं.

हा मशीनचा टाइम आहे.